डब्यावरचा मजकूर आणि मैदानावरचा खेळ

लातूरला शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी आम्ही नांदेडहून गेलो होतो. विषय होता आहारातील प्रथिने. चहाच्या सुट्टीत एका क्रीडाशिक्षकांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा एक रिकामा डबा काढून आमच्यापुढे ठेवला. "सर, प्रथिनांचं समजलं. आता एवढं वाचून सांगा. आमच्या बास्केटबॉलच्या संघातली चार पोरं हे घ्यायला लागलीत."

जिममध्ये या पुडीला 'प्री-वर्कआउट' म्हणतात. व्यायामाच्या किंवा सामन्याच्या अर्धा तास आधी एक चमचा पूड पाण्यात ढवळून प्यायची, म्हणजे ताकद, चपळाई आणि एकाग्रता वाढते, असा दावा. डब्याची किंमत दीड हजार रुपयांच्या पुढे. चौघांनी वर्गणी काढून तो आणला होता. शिक्षकांनी हटकले तेव्हा त्यांतला एक मुलगा म्हणाला, "सर, हे खरंच लागतं. दहा मिनिटांत अंगाला मुंग्या येतात."

शिक्षकांचा प्रश्न सरळ होता: याने खेळ सुधारतो का, आणि मुलांना अपाय होतो का? आम्ही डबा घरी आणला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा त्यावरचा मजकूर तपासला. त्या तपासणीचा हा अहवाल. डब्याचे नाव आम्ही देत नाही, कारण अशा बहुतेक डब्यांवरचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो.

चार प्रश्न

डब्यावर 'विज्ञानाने सिद्ध' असे छापलेले होते. हे धादांत खोटे असते तर आमचे काम सोपे झाले असते. पण त्यातील काही घटकांवर चांगले संशोधन झालेले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या २०१८ च्या तज्ज्ञ-निवेदनात कॅफीन, क्रिएटीन, नायट्रेट, बीटा-अॅलनीन आणि खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, या पाच पदार्थांचा खेळाडूंना विशिष्ट परिस्थितीत थोडा फायदा होऊ शकतो, असे म्हटले आहे. म्हणून 'हे सगळे थोतांड आहे' असे मुलांना सांगणाऱ्या शिक्षकाचेही उत्तर आम्ही चूक ठरवू. उद्या मुलगा कुठेतरी खरी माहिती वाचेल आणि शिक्षकाच्या बाकीच्या सांगण्यावरचाही त्याचा विश्वास उडेल.

खोट वेगळ्या ठिकाणी आहे. प्रयोगशाळेत एका परिस्थितीत मिळालेला निष्कर्ष उचलून डबा तो दुसऱ्याच परिस्थितीत नेऊन ठेवतो. ही खोट पकडण्यासाठी चार प्रश्न पुरतात: किती? केव्हा? कोणावर? कशात?

कॅफीन: किती आणि कशात?

अशा पुडीतला लगेच परिणाम करणारा मुख्य घटक म्हणजे कॅफीन, आपल्या चहा-कॉफीतलेच. आपण जागे असताना मेंदूत अॅडिनोसीन नावाचे रसायन साठत जाते आणि थकवा जाणवू लागतो. कॅफीनचा रेणू अॅडिनोसीनच्या जागा अडवतो. शरीर थकलेलेच असते, पण थकल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही.

बास्केटबॉलपटूंवर त्याचा काय परिणाम होतो? स्पेनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आपल्या मुलांच्या वयाला जवळचा आहे. सरासरी पंधरा वर्षांच्या १६ निवडक खेळाडूंना एकदा कॅफीनयुक्त पेय दिले (वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम) आणि एकदा तसेच दिसणारे बिनकॅफीनचे पेय दिले. उडीची सरासरी उंची ३७.५ सेंटिमीटरवरून ३८.३ सेंटिमीटर झाली. फरक ०.८ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांचा. फरक खरा आहे, मोजता येण्याजोगा आहे. पण फ्री थ्रोमध्ये चेंडू जाळीत पडण्याचे प्रमाण दोन्ही वेळा सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहिले, तीन गुणांच्या फेकीतही सुधारणा दिसली नाही, आणि पुनःपुन्हा धावण्याच्या कसोटीतले अंतरही निश्चित म्हणता येईल इतके वाढले नाही.

बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते. पाऊण सेंटिमीटर जास्त उडी मारणारा, पण नेम तोच असलेला खेळाडू सामना फिरवील का? एखाद्या वेळी परतलेला चेंडू त्याच्या बोटांना लागेलही. प्रौढ खेळाडूंवरील नंतरच्या एका अभ्यासात लुटुपुटीच्या सामन्यात खेळ काहीसा वधारल्याचे दिसले. त्याच अभ्यासात कॅफीन घेतलेल्यांनी रात्री झोप न लागल्याची तक्रारही जास्त केली. डब्यावर पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत असते. दुसरी आम्हाला कोठेही सापडली नाही.

आता 'किती' हा प्रश्न. आमच्या डब्यावर एका चमच्यात ३०० मिलिग्रॅम कॅफीन लिहिले होते. शंभर किलोच्या पहिलवानाला ते किलोमागे ३ मिलिग्रॅम पडते. लातूरच्या त्या संघातला मुलगा पन्नास किलोचा धरला, तर त्याला किलोमागे ६ मिलिग्रॅम पडते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी व किशोरांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा योग्य मानली आहे. मुलाने एकाच चमच्यात दुप्पट मात्रा घेतली, आणि संध्याकाळचा चहा अजून बाकीच आहे. छातीत धडधड, हाताला कंप, मळमळ ही अशा मात्रेची नेहमीची लक्षणे आहेत. काही मुले पूड पाण्यात न मिसळता कोरडीच तोंडात टाकतात. त्यात ठसका लागून पूड श्वासनलिकेत जाण्याचाही धोका असतो. आणि हा भागाकार पाचवीच्या मुलालाही येतो, पण डब्यावर तो कोणी करून दाखवलेला नाही.

मुंग्यांचा पुरावा: केव्हा?

त्या मुलाने दिलेल्या पुराव्याकडे वळू. त्याच्या अंगाला मुंग्या येतात हे अगदी खरे आहे. त्या बीटा-अॅलनीनमुळे येतात. हा पदार्थ एकदम मोठ्या मात्रेत घेतला की त्वचेतील मज्जातंतूंची टोके उद्दीपित होतात आणि चेहरा, मान, हात झिणझिणतात. यात स्नायूंचा काही संबंध नाही.

स्नायूंवरचा परिणाम वेगळा असतो आणि तो सावकाश होतो. बीटा-अॅलनीनपासून स्नायूंत कार्नोसीन तयार होते आणि जोराच्या श्रमात वाढणारी आम्लता ते काहीशी थोपवते. परंतु कार्नोसीनचा साठा पुरेसा वाढायला रोज काही ग्रॅम याप्रमाणे चार आठवडे किंवा अधिक काळ जावा लागतो. दहा मिनिटांत होते ती फक्त झिणझिण. शिवाय त्याचा फायदा प्रामुख्याने एक ते चार मिनिटे सलग चालणाऱ्या जोराच्या श्रमांत दिसला आहे. बास्केटबॉलमध्ये काही सेकंदांची धाव, उडी, मग चालणे, थांबणे, पुन्हा धाव असा क्रम असतो. म्हणजे येथे 'केव्हा' आणि 'कशात' हे दोन्ही प्रश्न अनुत्तरित राहतात.

क्रिएटीनचेही तसेच. तो बऱ्यापैकी अभ्यासलेला पदार्थ आहे. पहिल्या काही सेकंदांच्या जोरासाठी स्नायू फॉस्फोक्रिएटीनचा साठा वापरतात, आणि क्रिएटीन घेतल्याने तो साठा वाढतो. पण रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. सामन्याच्या अर्धा तास आधी घेतलेल्या चमच्याचा त्या सामन्याशी जवळजवळ संबंध नसतो. शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावणे सोपे आहे: आज खत टाकले म्हणून आज कणीस भरत नाही.

मग हे सगळे एका डब्यात का घालतात? आमचा तर्क असा की, गिऱ्हाइकाला लगेच काहीतरी 'जाणवावे' लागते. कॅफीनची तरतरी आणि बीटा-अॅलनीनच्या मुंग्या हे काम चोख करतात. जाणवले म्हणजे काम झाले, ही आपली जुनी समजूत आहे. कडू औषध गुणकारी आणि दुखणारी सुई जोरदार असे मानणाऱ्या समाजात मुंग्यांना प्रमाणपत्राची किंमत येते. डबा ही समजूत वापरून घेतो.

'मिश्रण' या शब्दामागे काय आहे?

डब्याच्या मागच्या बाजूस दोन ओळी होत्या: एका 'विशेष मिश्रणा'चे एकूण वजन आणि त्यातील सात-आठ नावे, काही वनस्पतींच्या अर्कांची. प्रत्येकाचे प्रमाण किती, ते लिहिलेले नव्हते. 'किती' या पहिल्याच प्रश्नाला इथे उत्तर नाही. आमच्या मते सगळ्यात गंभीर भाग हाच आहे.

बास्केटबॉलमधलेच उदाहरण घ्यावे. पंजाबातील बल्लो के या खेड्यातून आलेला, सात फुटांहून उंच सतनाम सिंग भामरा हा २०१५ मध्ये अमेरिकेतील एनबीएच्या संघनिवडीत निवडला गेलेला पहिला भारतीय खेळाडू. २०१९ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेसाठी बंगळूर येथे भरलेल्या सराव शिबिरात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे नाडाने, त्याचा नमुना घेतला. त्यात हिजेनामीन सापडले. त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. ती १९ नोव्हेंबर २०१९ पासून धरली गेली. तो पदार्थ त्याच्या शरीरात कोणत्या वाटेने गेला याविषयी आम्ही काही म्हणत नाही. पण हिजेनामीन काय आहे, हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाने जाणून घ्यावे.

हिजेनामीन हा वनस्पतिजन्य पदार्थ आहे. कमळात, बचनागाच्या वर्गातील वनस्पतींत आणि आपल्या गुळवेलीच्या प्रजातीतल्याच एका बहिणीत तो आढळतो. तो श्वासनलिका रुंदावतो व हृदयाचे ठोके वाढवतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत २०१७ पासून त्याचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. वजन घटवण्याच्या आणि व्यायामपूर्व घेण्याच्या पुड्यांत तो वापरला जातो, कधी नॉरकोक्लॉरीन या दुसऱ्या नावाने, तर कधी नुसत्या वनस्पतीच्या नावाने. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत हिजेनामीन असल्याचे लेबलवर लिहिलेली २४ उत्पादने तपासली गेली. त्यांतल्या फक्त पाचांवर प्रमाण दिलेले होते, आणि त्या पाचांपैकी एकाचेही प्रमाण बरोबर निघाले नाही.

ही एकच तपासणी नव्हे. ऑलिंपिक समितीच्या मदतीने झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ देशांतून विकत घेतलेल्या ६३४ पूरक पदार्थांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांमध्ये, लेबलवर न लिहिलेली संप्रेरकसदृश द्रव्ये सापडली. आपल्याकडे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी अनेक कुस्तीगीर व जलतरणपटू मिथाइलहेक्झानामीन या उत्तेजकासाठी दोषी आढळले होते. त्या काळी हेच द्रव्य अनेक प्री-वर्कआउट पुड्यांत सर्रास घातले जात होते.

"पण सर, डब्यावर सरकारी नंबर आहे," असे मुले म्हणतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक उत्पादकाला किंवा विक्रेत्याला परवाना आहे एवढेच सांगतो. आतल्या प्रत्येक डब्याची उत्तेजकांसाठी तपासणी झाली आहे, असा त्याचा अर्थ नाही. आणि 'नैसर्गिक' हा शब्द तर काहीच सांगत नाही. बचनागही नैसर्गिकच आहे.

उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूची असते. 'मला माहीत नव्हते' एवढ्याने सुटका होत नाही. आंतरविद्यापीठ आणि खेलो इंडिया स्पर्धांतही नमुने घेतले जातात. आपल्या भागातल्या मुलासाठी खेळ म्हणजे दहावी-बारावीचे वाढीव गुण, शासकीय नोकरीतले पाच टक्के आरक्षण, कधी घरातली पहिली नोकरी असते. पाऊण सेंटिमीटर उडीसाठी तो काय पणाला लावतो आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. डबा ते सांगणार नाही.

डब्यावर नसलेल्या दोन गोष्टी

खेळ खरोखर कशाने बिघडतो आणि कशाने सुधारतो, याचे बास्केटबॉलपटूंवर झालेले अभ्यास आहेत. त्यांतल्या दोन गोष्टी कोणत्याही डब्यात विकत मिळत नाहीत.

पहिली पाणी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ ते २८ वर्षांच्या १७ खेळाडूंच्या शरीरातील पाणी घामावाटे टप्प्याटप्प्याने कमी होऊ दिले. जसजशी तूट वाढली तसतसे नेम आणि धाव दोन्ही घसरत गेले, आणि वजनाच्या दोन टक्क्यांइतकी तूट झाल्यावर घसरण ठळक झाली. १२ ते १५ वर्षांच्या मुलांवरील त्याआधीच्या अभ्यासातही दोन टक्के तुटीने खेळ बिघडला, तर सहा टक्के साखर व क्षार असलेल्या पेयाने नेम सुधारला. पन्नास किलोच्या मुलाला दोन टक्के म्हणजे एक लिटर घाम. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीपार तापमानात, सिमेंटच्या उघड्या मैदानावर तासभर खेळणाऱ्या मुलाला एक लिटर घाम येणे मुळीच अवघड नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याची किंमत इथल्या माणसाला शिकवायची गरज नाही. तरीही मैदानावर पाण्याची घागर नसते आणि मुलांच्या पिशवीत डबा असतो. एक लिटर पाणी, बारा लहान चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि एक लिंबू, एवढ्यात सहा टक्क्यांचे पेय तयार होते.

दुसरी गोष्ट झोप. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितले. त्यांचे फ्री थ्रो व तीन गुणांच्या फेकी सुमारे नऊ टक्क्यांनी सुधारल्या आणि धावण्याचा वेळ कमी झाला. २०११ च्या या अभ्यासालाही आमचे चार प्रश्न लावले पाहिजेत. खेळाडू थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्या काळातल्या सरावाचाही वाटा असणार. म्हणून नऊ टक्के हा आकडा आम्ही जपून घेतो. पण हाच काटेकोरपणा डब्याच्या दाव्याला लावला, तर तो दावा झोपेपुढे टिकत नाही. शिवाय दोघांचे वैर आहे. रक्तातले निम्मे कॅफीन कमी व्हायला प्रौढात साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी साडेपाचला ३०० मिलिग्रॅम घेतले, तर रात्री साडेदहाला १५० मिलिग्रॅम शिल्लक असते. म्हणजे झोपण्याआधी तीन-चार कप चहा प्यायल्यासारखे. दिवसभर शाळा आणि शिकवणी करणारी आमच्याकडची मुले आधीच झोपेच्या तोट्यात असतात. त्या तोट्याचा थकवा डबा लपवतो आणि तोटा वाढवतो.

वर्गात करून पाहावे

उपदेशापेक्षा मोजमाप मुलांना लवकर पटते. संघातल्या प्रत्येक मुलाने काहीही न घेता रोज वीस फ्री थ्रो टाकावेत आणि किती जाळीत पडले ते आठवडाभर वहीत लिहावे. ज्याचा नेम सरासरी साठ टक्के आहे, त्याचे रोज बारा पडणार नाहीत. कधी दहा, कधी चौदा हे नेहमीचेच. क्वचित आठ किंवा सोळाही पडतील. कसलेही कारण नसताना आकडे असे हलतात. मग ज्या दिवशी पूड घेतली त्या दिवशी चौदा पडले, यावरून काय सिद्ध होते? गणिताच्या शिक्षकांना सोबत घेतल्यास मुलांना हेही दाखवता येईल की, साठ आणि पासष्ट टक्के हा फरक खात्रीने ओळखायला दोन्ही बाजूंना ठोकळमानाने दीड-दीड हजार फेकी लागतात. ज्याने हे एकदा स्वतः मोजले, तो 'मला फरक पडला' हे वाक्य पुढे सहज स्वीकारणार नाही.

दुसरे मोजमाप वजनकाट्यावरचे. सरावापूर्वी व नंतर घाम पुसून वजन करावे. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी पडले.

डबा आम्ही त्या शिक्षकांना परत पाठवला. सोबत चिठ्ठीत लिहिले की, त्या चौघांना रागावू नका. त्यांना चांगले खेळायचे आहे, म्हणूनच त्यांनी वर्गणी काढली. डबा त्यांच्यापुढे ठेवा, चार प्रश्न फळ्यावर लिहा आणि त्यांनाच मजकूर तपासायला सांगा. पुढची वर्गणी मैदानावरच्या पाण्याच्या टाकीसाठी काढली, तर आमचेही पैसे त्यात धरा.